पंधरा वर्षांनंतरची तपासणी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझी आई सांगत होती, की वडिलांच्या मोटरसायकलीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन तिची मुदत चैत्रातच संपली आहे आणि तरीही तू तीच गाडी घेऊन रोज खंडवा रोडवरच्या विद्यापीठात जातोस. आपल्याजवळ पीयूसी आहे आणि चौकात तेवढेच विचारतात, असे तू तिला सांगितलेस म्हणे. ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

पीयूसी केंद्रावर उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि धूर तपासतात. तुझ्या गाडीसारख्या फोर-स्ट्रोक दुचाकीचे कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमच्या आत निघाले, की प्रमाणपत्र हातात पडते. ब्रेक, टायर, हँडलचे बेअरिंग यांच्याकडे तिथे कोणी पाहत नाही आणि ते त्यांचे कामही नव्हे. खासगी दुचाकीची यांत्रिक तपासणी १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी होते आणि पुढची मुदत पाच वर्षांचीच मिळते. इतक्या वर्षांत परक्या जाणत्या माणसाची नजर गाडीवर पडण्याची ही पहिली वेळ तू पुढे ढकलतो आहेस, याची मला दंडापेक्षा जास्त काळजी वाटते.

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तिची पंधरा वर्षे भरली तेव्हा मीही चार महिने चालढकल केली होती. मागचा ब्रेक सैल वाटला की नट थोडा आवळायचा आणि निघायचे, असे चालले होते. ब्रेक लागत होता, त्यामुळे शंका आली नाही. शेवटी तपासणीला नेण्याआधी मिस्त्रीने मागचे चाक उतरवले, तर ब्रेक शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा थर, एका बाजूने पूर्ण सुटून नुसते ड्रमच्या आधाराने अडकून राहिले होते. ते आत आडवे फिरले असते तर चाक जागच्या जागी जाम झाले असते. त्याच गाडीवर मागे मुलीला बसवून मी रोज भंवरकुआँ चौकातल्या गर्दीतून जात होतो. तो तुकडा मी अजून कपाटात ठेवला आहे. तू तर मित्रांबरोबर सिमरोलचा घाटही उतरतोस.

विम्याचेही ऐक. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका चोरीला गेलेल्या मोटारीचे प्रकरण आले होते. तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती, म्हणून हप्ता भरलेला असूनही मालकाचा दावा नामंजूर झाला. दंडाचे म्हणशील, तर वैध नोंदणीशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी कायद्यात २००० ते ५००० रुपये आहेत.

अर्ज फॉर्म २५ मध्ये करायचा असतो. तो मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो, म्हणजे तुला पुरेसा वेळ होता. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झाले आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये वेगळे लागतात. पैशाची अडचण असेल तर संकोच न करता मला सांग. नायता मुंडल्याच्या आरटीओपर्यंत मात्र गाडी चालवत नेऊ नकोस, लोडिंग रिक्षात घालून ने. तोवर विद्यापीठात बसने जा.

येत्या रविवारी सकाळी नऊला गाडी ढकलत रामबागेत माझ्याकडे आण, दोनच गल्ल्यांचे अंतर आहे. दोन्ही चाके उतरवून लायनर पाहू, चेनचा ताण आणि हँडलचा खुळखुळा तपासू, टायरच्या खाचा किती उरल्या आहेत तेही बघू. पाने माझ्याकडे आहेत. येताना जुनी फडकी घेऊन ये.

तुझा,
काका