पुराचा नकाशा आणि क्लाउडचा काळा पडदा

प्रश्न : मी कोल्हापुरात भूगोल विषयात पीएच.डी. करते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कुठवर पसरले, याचे नकाशे मला उपग्रहचित्रांवरून तयार करायचे आहेत. लॅपटॉपला हे काम पेलत नाही, म्हणून मार्गदर्शकांनी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दूरचे संगणक, वापरायला सांगितले. पण तिथे मशीन सुरू केले की आज्ञा टाइप करण्याचा काळा पडदा समोर येतो. सोपी वाट आहे का?

उत्तर : आहे, आणि ती निःसंकोच धरावी. तुमच्या कामासाठी ‘गूगल अर्थ इंजिन’ ही उपग्रहचित्रांवर गूगलच्याच संगणकांवर काम करू देणारी सेवा पाहा. बिगरव्यावसायिक संशोधनासाठी नोंदणी करून ते विनामूल्य वापरता येते. पावसाळ्यात साध्या उपग्रहचित्रांत बहुधा ढगच दिसतात, म्हणून ढगांआरपार पाहणाऱ्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहांची रडारचित्रे घ्यावी लागतात, ती तेथे आधीच साठवलेली असल्याने उतरवून घ्यावी लागत नाहीत. ब्राउझरमध्येच वर आज्ञावली लिहायची आणि ‘रन’ दाबले की खालच्या नकाशावर परिणाम पाहायचा. नवशिके हमखास अडतात ते एका ठिकाणी : नकाशा निर्यात करण्याची आज्ञा दिली तरी उजवीकडच्या ‘टास्क्स’मध्ये जाऊन पुन्हा ‘रन’ दाबेपर्यंत फाइल तयार होत नाही.

आज्ञावली थोडी शिकावी लागेल, पण ती टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शांत पाणी रडारचित्रात काळे दिसते. मात्र पश्चिमेकडच्या डोंगरांच्या सावल्याही तशाच काळ्या दिसतात, आणि आपल्याकडच्या उंच उसात शिरलेले पाणी पानांखाली झाकून राहते. किती काळे दिसले म्हणजे पाणी मानायचे, ही काळेपणाची मर्यादा कोणती धरली, हे नुसती बटणे दाबून केलेल्या नकाशात मागाहून सापडत नाही. आज्ञावलीत ती मर्यादा आकड्यासह लिहिलेली असते. जीवशास्त्राच्या संशोधकांसाठी असलेले ‘गॅलेक्सी’ हे संकेतस्थळ मला याच कारणासाठी आवडते, कारण तिथे काम बटणांनी होत असूनही प्रत्येक पायरी इतिहासात नोंदली जाते.

पहिला नकाशा छोट्या भागाचा, शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावाचा करा आणि गावकऱ्यांनी दाखवलेल्या पाण्याच्या खुणांशी ताडून पाहा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची, चित्र टिपले त्या दिवसाची पाणीपातळीही सोबत नोंदवा. तिथे ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. मग ‘गेट लिंक’ने आज्ञावलीचा दुवा घेऊन मार्गदर्शकांना पाठवा, म्हणजे तोच नकाशा त्यांना स्वतः काढून तपासता येईल.