भावाच्या लग्नाआधी चेहऱ्यावर लेझर करून घ्यावे का? – पैसे भरण्याआधी माझा अनुभव वाचावा

आपला प्रश्न दोनदा वाचला. गालांवर मुरमांचे जुने खड्डे, मे महिन्याच्या मध्यावर भावाचे लग्न, हातात जेमतेम दहा आठवडे, आणि चार सिटिंगचे पैसे आजच भरले तर मोठी सूट देतो असे सांगणारे क्लिनिक. यातला भाऊ काढून नणंद घातली आणि गावाच्या जागी नाशिक लिहिले, तर ही २०१९ च्या उन्हाळ्यातली माझीच हकीकत होते. म्हणून उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. खाली लिहिले आहे ते एका चेहऱ्याच्या अनुभवावरून आणि त्या निमित्ताने दोन-तीन वर्षे केलेल्या वाचनावरून लिहिले आहे, आणि आपली त्वचा पाहिलेल्या तज्ज्ञाचे मत माझ्याहून वेगळे असेल तर त्यांचेच ऐकावे.

आपल्याला सुचवलेले फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर (त्वचेवर सूक्ष्म ठिपके जाळून खड्डे भरून आणणारे) म्हणजे काय, किती दुखते, भूल देणारे मलम किती वेळ ठेवतात, हे आपण वाचलेले दिसते, त्यामुळे ते सोडून देते. मात्र आपल्याला क्लिनिकमध्ये सांगितले गेलेले एक वाक्य मला जसेच्या तसे सांगितले गेले होते, त्यावर थांबावेच लागेल. 'हे लेझर पाण्यावर काम करते, रंगद्रव्याला ते लागतच नाही, त्यामुळे सावळ्या त्वचेला काही धोका नाही.' यातला पहिला भाग खरा आहे. या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि त्याचा प्रकाश पेशींमधल्या पाण्यात शोषला जातो. परंतु पाणी तापून जी उष्णता निर्माण होते आणि नंतर जो दाह होतो, त्याने रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चाळवतात, आणि आपल्यासारख्या त्वचेत त्या फार लवकर चाळवतात. पोळ्या करताना मनगटाला तव्याची कड लागली तर फोड आठवड्यात बरा होतो आणि काळा डाग मात्र दिवाळीपर्यंत राहतो, हे आपल्या घरात कोणालाही विचारावे. तव्यालाही रंगद्रव्य कळत नाही. त्वचेचा रंग आणि तिच्यावर उन्हाचा होणारा परिणाम यांवरून केलेल्या फिट्झपॅट्रिकच्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणात आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते, आणि लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो. पूर्वी चेहऱ्याचा सगळा वरचा थर एकसलग काढत असत. २००४ साली मांडल्या गेलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत सूक्ष्म ठिपक्यांपुरतीच त्वचा जाळून मधली शाबूत ठेवतात, त्यामुळे जखम लवकर भरते आणि धोका पुष्कळ कमी होतो. तो नाहीसा होतो असे मात्र नाही.

माझे पहिले सिटिंग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. चाचणीचा ठिपका, म्हणजे आधी एका लहानशा जागेवर लेझर देऊन पाहणे, दिला नाही. डॉक्टर दोन मिनिटे डोकावून गेले, यंत्र तंत्रज्ञ मुलीने चालवले. दुसऱ्या दिवशी सूज, तिसऱ्या दिवशी सगळ्या गालावर पॉलिश पेपरसारखी तपकिरी खरखरीत खपली, आणि सहाव्या-सातव्या दिवशी ती गळून आत गुलाबी, तुकतुकीत त्वचा दिसली. त्या दिवशी मी आनंदाने आईला फोटो पाठवला होता. तिसऱ्या आठवड्यात गालांवर राखाडी-तपकिरी ठिपके उमटू लागले, तेही ओळीने, चाळणी दाबून धरल्यासारखे. आपण हे नीट लक्षात घ्यावे की डाग पहिल्या आठवड्यात दिसत नाही. सगळे उत्तम झाले असे वाटून आपण निर्धास्त होतो आणि तो त्यानंतर येतो.

मी क्लिनिकमध्ये फोन केला. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, 'मॅडम, नॉर्मल आहे, मॉइश्चरायझर लावत राहा.' डॉक्टरांशी बोलायचे म्हटले तर ते या शाखेत फक्त गुरुवारी येतात असे समजले, गुरुवारी गेले तर ते त्या आठवड्यात आलेच नव्हते, आणि पुढच्या फोनवर दुसऱ्या सिटिंगमध्ये हे आपोआप निघून जाईल असे सांगण्यात आले. लग्नाला बारा दिवस उरले होते. मी त्या बारा दिवसांत जे केले, ते लेझरपेक्षा मला जास्त महाग पडले.

शेजारच्या वहिनींना वांगावर एका ट्यूबने गुण आला होता. मेडिकलमध्ये जाऊन नाव सांगितले, त्यांनी चिठ्ठी न मागता ती काढून दिली. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. स्टेरॉइड असलेली अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ सालीच त्यांना अनुसूची एचमध्ये घातले गेले आहे, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि दुकानदाराला ठाऊक असून त्याचा काही उपयोग नव्हता. आठ-दहा दिवसांत डाग फिकट झाले, चेहरा उजळलासुद्धा. नणंदेच्या लग्नातले माझे फोटो आजवरचे सर्वांत चांगले फोटो आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते.

लग्नानंतर ट्यूब बंद केली तर चार दिवसांत चेहऱ्याची आग होऊ लागली आणि लाली आली. पुन्हा लावली, शांत झाली. असे करत मी ती ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळपास पाच महिने लावत राहिले. तोवर गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या होत्या, हनुवटीवर पुरळ होते, कानशिलांपाशी लव वाढली होती, आणि साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरत असे. शेवटी पुण्यात ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी भिंग लावून पाहिले आणि विचारले, 'किती महिने लावताय?' ट्यूबचे नाव मी अजून सांगितलेही नव्हते. लेझरचा डाग नुसते ऊन टाळून आणि साधे औषध लावून बहुधा सहा महिने ते वर्षभरात गेला असता, असे त्या म्हणाल्या. स्टेरॉइडची सवय लागलेला चेहरा सोडवायला मात्र दीड वर्ष लागले. त्यात टाळेबंदी आली आणि घरात बसल्यामुळे ऊन आपोआप टळले, एवढाच त्या काळाचा मला फायदा झाला. येथे औषधाची बदनामी करण्याचा हेतू नाही. हेच मिश्रण तज्ज्ञ मंडळी मोजक्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात आणि त्याचा उपयोगही होतो. चूक माझी होती. मात्र फोन उचलून 'काही लावू नका, उद्या येऊन दाखवा' असे कोणी म्हणाले असते तर ती झाली नसती, हेही तितकेच खरे आहे.

पुण्याच्या बाईंनी मला यंत्रावर ठेवलेली ऊर्जा किती होती, ठिपक्यांची घनता किती होती आणि एकाच जागेवरून किती फेऱ्या मारल्या हे विचारले, कारण पुढे कधी लेझर करायचे झाले तर कुठे चुकले हे त्यावरून कळते, आणि सावळ्या त्वचेत घनता जास्त ठेवली की डागांचे प्रमाण वाढते. मी क्लिनिकमध्ये कागद मागितले. मुख्य कार्यालयाला ईमेल करा, म्हणाले. ईमेल केला, तेव्हा शाखेतून फॉर्म भरून आणा असे उत्तर आले. शाखेत फॉर्म नव्हता. असे पाच-सहा आठवडे चालले आणि अखेरीस मला एका पानाचे बिल मिळाले, ज्यावर 'स्किन पॅकेज' एवढेच लिहिले होते. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळणार नाहीत, पण ते केस काढण्याच्या लेझरसाठी वापरता येतील, असा उदार प्रस्तावही त्यांनी ठेवला. रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत दिल्या पाहिजेत असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे, आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. मला हे समजले तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. याचा राग अजून गेलेला नाही, हे वरच्या ओळींवरून आपल्याला कळलेच असेल.

त्यामुळे माझे मत थोडे कडक आहे: लग्नाच्या दहा आठवडे आधी पहिले लेझर करू नये. दोन सिटिंगमध्ये चार ते आठ आठवडे अंतर ठेवतात, खड्डे भरणारे कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) पुढचे कित्येक महिने तयार होत असते, म्हणजे मे महिन्यात आपल्याला फायदा फारसा दिसणार नाही आणि डाग पडलाच तर तो मात्र नेमका दिसेल. आता फक्त कानामागे किंवा जबड्याच्या कडेला चाचणीचा ठिपका देऊन घ्यावा, पाच-सहा आठवडे त्याकडे पाहावे, आणि खरे काम पावसाळा संपल्यावर सुरू करावे. आजची सूट उद्या मिळणार नाही असे कोणी म्हणत असेल तर माझ्या अनुभवाप्रमाणे ती दसऱ्याला पुन्हा मिळते.

यंत्र कोणत्या कंपनीचे, हे आपण विचारले आहे. मला विचाराल तर ते दुय्यम आहे. यंत्र स्वतः कोण चालवणार, त्या व्यक्तीने त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका केली आहे का (फलकावर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेले असणे पुरेसे नाही, आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते), प्रत्येक सिटिंगची ऊर्जा आणि घनता मला लिहून मिळेल का, आणि पाचव्या दिवशी किंवा तिसऱ्या आठवड्यात काही वाटले तर कोणत्या क्रमांकावर कोणते डॉक्टर भेटतील, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला 'आमचे कॉल सेंटर आहे' असे उत्तर आले तर मी तरी तिथून उठून येईन.

खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत हेही आधी पाहून घ्यावे. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना लेझर पुरे पडत नाही, तिथे तीव्र टीसीए आम्लाचा ठिपका देतात. लाटांसारख्या उथळ खड्ड्यांत खालचे तंतू सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. कडा स्पष्ट असलेल्या रुंद खड्ड्यांना लेझर बऱ्यापैकी मानवते. सगळ्यांना एकच पॅकेज विकणाऱ्याने ते पाहिलेले नसते. ओठांच्या कडेला वरचेवर पाण्याचे फोड येत असतील, जखमेचे व्रण फुगून वर येत असतील, चेहऱ्यावर वांग असेल किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर न विचारताही सांगावे. या गोळ्यांनंतर सहा महिने थांबण्याचा जुना नियम फ्रॅक्शनल लेझरसाठी अलीकडे सैल झाला आहे, तरीही तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा आहे.

दोन गोष्टी मला कोणीच सांगितल्या नव्हत्या. आपण रोज दुचाकीवरून कामाला जाता असे लिहिले आहे. चेहऱ्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट यांनी उन्हाचा बचाव होतो, पण कोवळ्या त्वचेला घर्षण आणि वाफ दोन्ही मिळतात. लेझरनंतरचे पहिले दहा दिवस रिक्षाने जावे. आणि सनस्क्रीन लोहऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित रंगाचे घ्यावे, कारण आपल्या त्वचेत डाग गडद करण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

मी स्वतः पुन्हा लेझर केले का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. होय. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, पुण्याच्या त्याच बाईंकडे, आधी सबसिजन आणि मग कमी घनतेवर तीन सिटिंग, प्रत्येक वेळी नोंदीचा कागद हातात घेऊन. माझ्या डोळ्यांना खड्डे निम्म्याने कमी दिसतात. तिरप्या उजेडात उरलेले निम्मे अजूनही दिसतात. फोटो नेहमी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढावेत, नाहीतर क्लिनिकच्या दिव्याखाली सगळेच सुंदर दिसते.

आणि आपण हे सर्व वाचूनही लग्नाआधीच करायचे ठरवले, तर निदान करवलीला हळद लावायला येणाऱ्या आत्या-मावश्यांना आईकडून आधीच सांगून ठेवावे की हळद हातांना आणि पायांना लावा, गालांना नको. माझ्या वेळी कोणाला सांगायचे राहून गेले होते आणि त्या ट्यूबवर हळद, तेल आणि मे महिन्याचे ऊन असे सगळे एकाच दुपारी झाले.