दिवाळी तोंडावर, नोकरी नाही, घरी काय सांगू?

"मावशी, मी 26 वर्षांचा, बी.कॉम., मूळचा बार्शीचा. चाकणला एका कंपनीत अकाउंट्सला होतो, पगार 19,500. ऑगस्टमध्ये माणसं कमी केली त्यात माझा नंबर लागला. जिथे फोन करावा तिथे 'दिवाळीनंतर बघू' एवढंच ऐकायला मिळतं. घरी अजून सांगितलं नाहीये. आई प्रत्येक फोनला विचारते, बोनस किती होणार? बहिणीचं लग्न मे महिन्यात झालं, यंदा दिवाळसण, जावयाला अंगठी करायचं आईच्या मनात आहे. क्रेडिट कार्डवर घेऊन टाकू का? आणि दिवाळी होईपर्यंत अर्ज करणं थांबवू का?"

बाळा, थांबू तर अजिबात नकोस. 'दिवाळीनंतर बघू' हा तुला नकार वाटतोय पण बऱ्याचदा ते खरंच तेवढंच असतं, इंटरव्ह्यू घेणारे साहेब रजेवर, सही करणारे दुसरे साहेब गावी, आणि एचआरची पोरगी बिचारी एकटी बसून सगळ्यांना तेच उत्तर देतेय. पुढच्या वेळी फोन ठेवायच्या आधी विचार, "मॅडम, मग भाऊबीजेनंतरच्या सोमवारी करू का फोन?" आणि त्या सोमवारी कर. शिवाय बोनस हातात पडेपर्यंत कळ काढून मग राजीनामा टाकणारे सगळीकडे असतातच, त्यांच्या जागा तेव्हा निघतात, आणि तुला नोटीस पिरियडची भानगड नाही, उद्या ये म्हटलं तर उद्या हजर. हे सीव्हीवर वरच लिही, मोबाईल नंबरच्या खाली.

पण मला नवल याचं वाटलं की अकाउंट्सचा पोरगा असून तू नुसते कंपन्यांना फोन लावतोयस. अरे तुझ्या लाइनचा हाच तर सीझन! ज्यांच्या हिशोबाचं ऑडिट लागतं त्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न 31 ऑक्टोबर, जुलै ते सप्टेंबरचं टीडीएस रिटर्न पण 31 ऑक्टोबर, दर महिन्याच्या 20 तारखेचं जीएसटीचं मासिक रिटर्न, जीएसटीआर-3बी, आहेच, आणि त्यातून डोकं वर काढेपर्यंत 31 डिसेंबरचं जीएसटीचं वार्षिक रिटर्न उभं. सरकार कधी मुदत वाढवतं, पण त्याच्या भरवशावर कुठला सीए बसत नाही. आणि नेमकी याच दिवसांत ऑफिसातली पोरं सुट्टी मागतात. पुण्यात टिळक रोड, सदाशिव पेठ, नाहीतर चिंचवड, जिथे सीएची पाटी दिसेल तिथे जिना चढ आणि सांग, "सर, टॅली येतं, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या 2बी यादीशी मॅच करून देतो, डिसेंबरपर्यंत बसायची तयारी आहे." मार्केट यार्डातले व्यापारी पण बघ, सणाच्या खरेदी-विक्रीची बिलं ढिगाने पडलेली असतात आणि एंट्री मारायला माणूस नसतो. पैसे कमी देतील, देऊ देत. टेम्पररी म्हणून लाजू नकोस, अशा ठिकाणी काम बरं वाटलं तर मार्चपर्यंत सोडत नाहीत.

बोनसचं आईला वाटतं ते अगदीच चूक नाहीये बरं का. तुझा पगार बोनसच्या कायद्यातल्या मर्यादेत बसत असेल आणि कंपनीत 20 किंवा जास्त माणसं असतील तर गेल्या आर्थिक वर्षाचा बोनस, किमान 8.33 टक्के, तुला लागू होतो, आता तिथे नसलास तरी. वर्ष संपल्यापासून 8 महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर द्यायचा असतो. हिशोब पूर्ण पगारावर होईलच असं नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जुन्या एचआरला एक साधा मेल टाक, भांडू नकोस, फक्त विचार.

आता अंगठी. नाही म्हणजे नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं, तू अकाउंटंट, वर्षाचं काय होतं ते मी सांगायला नको. आणि आईला आजच सांग, घरी पोचल्यावर नाही, कारण ती तोपर्यंत सोनाराकडे माप देऊन बसेल, विहिणीला सांगून बसेल आणि मग तिला शब्द मागे घ्यावा लागेल, ते तिला तुझ्या नोकरीपेक्षा जास्त लागेल. फार फिरवून बोलू नकोस, "आई, कंपनीने माणसं कमी केली, मी दुसरं बघतोय, यंदा जावयांना शर्ट-पँटचं कापड आणि टॉवेल-टोपी करू." रडेल थोडी. मग फराळाचा डबा दुप्पट भरेल, आयांचं असंच असतं. बहिणीलाही तूच सांग, आईकडून कळलं तर रुसेल. दिवाळसण पाडव्यापर्यंतचा आहे, अंगठी पुढे अधिक महिन्यात सुद्धा देता येते की, जावयाला वाण द्यायचंच असतं तेव्हा.

एक राहिलंच, या दिवसांत "आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग जॉइनिंग लेटर" असले मेसेज फार फिरतात, फी मागितली की नंबर ब्लॉक. आणि भाऊबीज झाली की मुक्काम वाढवू नकोस, त्या सोमवारी पुण्यात असायचंय तुला, परतीच्या एसटीचं रिझर्व्हेशन आत्ताच करून ठेव नाहीतर बार्शीपासून उभ्याने यावं लागेल.