बीएससी केमिस्ट्रीनंतर सरकारी परीक्षेची वाट बघू की वेर्ण्याला फार्मा कंपनीत कंत्राटी नोकरी धरू? (राहणार डिचोली, गोवा)

नोकरी धरा. घरी बसून जाहिरातीची वाट बघण्यात वर्षं जातात आणि पुढच्या मुलाखतीत त्या वर्षांचाच हिशेब मागतात.

पण 'फार्मात मिळाली' एवढ्यावर हो म्हणू नका. विभाग कोणता, हे आधी विचारा. पॅकिंगपेक्षा क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये थोडा कमी पगार मिळाला तरी मी लॅबच घेईन. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात बसला आणि नोंदी जागच्या जागी, खऱ्या लिहायची सवय लागली की बद्दी, हैदराबाद, अंकलेश्वर अशा औषध कारखान्यांच्या ठिकाणी कुठेही तुमची किंमत होते. नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं, तेही बघा. ठेकेदाराचं असेल तर पगाराची स्लिप दर महिन्याला मागून ठेवा, सोडताना अनुभवाचा दाखला घ्या. पीएफचा १२ आकडी यूएएन (कायमचा खातेदार क्रमांक) नोकरी बदलली तरी तोच चालवायचा. मधे पैसे काढू नका, पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. रात्रपाळीला कंपनीची बस डिचोलीपर्यंत येते का? नसेल तर खोलीभाडं धरून पगार मोजा.

सरकारी वाट सोडू नका. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून आत्ताच काढा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. कोकणीचं ज्ञान बहुतेक पदांना आवश्यक असतं, मराठी येत असेल तर चांगलंच. अभ्यास सुट्टीच्या दिवशी आणि बसमध्ये होतो.