विकताना आधी त्या घड्याळातलं खोटं सांग

माझ्या मैत्रिणीच्या लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नोकरी सांभाळून जुनी घड्याळं ऑनलाइन विकायचं तुझ्या मनात आहे, आणि तुझा प्रश्न एकच आहे की यात पैसे सुटतात का. सुटतात. पण ते नेमके कशामुळे सुटतात हे आधी कळायला हवं, आणि ते चार ओळींत सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

माल दुर्मिळ आहे असा समज डोक्यातून काढून टाक. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर घड्याळांचे ढीग असतात. मुंबईत चोर बाजार आहे. तुझ्यासारखेच पुष्कळ जण तिथून माल उचलतात, फोटो काढतात आणि टाकतात. मग लातूरच्या किंवा बेळगावच्या माणसाने तुझ्याकडूनच का घ्यावं? त्याला घरबसल्या ते घड्याळ उघडून बघता येत नाही आणि तू ते उघडून बघितलेलं आहेस, एवढंच त्याचं कारण. जे बघितलंस ते तू त्याला सगळं सांगतेस का, यावर तुझा धंदा टिकेल की नाही ते ठरणार आहे. मी या गोष्टीबद्दल फार हट्टी आहे, हे तुला आईने सांगितलंच असेल.

सुरुवातीला एकच प्रकार धर. पेनं, कॅमेरे, रेकॉर्डी, पितळेची भांडी असं सगळं एकदम गोळा करू नकोस. प्रत्येकाची जाण वेगळी असते आणि ती यायला वेळ लागतो. माझं ऐकशील तर एचएमटीची चावीची घड्याळं घे. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत ती बनू लागली. पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही कारखाने झाले. सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली, लोकांची आवड बदलली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कारखाने बंद होणार ही बातमी आल्यावर मागणी एकदम वाढली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन ही मॉडेलांची नावं आता परदेशातले संग्राहकही ओळखतात. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की मशीन साधं आहे, दुरुस्त होतं, सुटे भाग अजून मिळतात, आणि सुरुवातीला हजार-पाचशेतही शिकता येतं.

आता मुख्य गोष्ट. पथारीवर तुला चकचकीत पायलट दिसतील. केशरी, हिरव्या, निळ्या तबकडीचे. कुणावर तिरंगा, कुणावर पलटणीचं चिन्ह, कुणावर मोटरसायकलचं नाव. देवनागरी आकड्यांचे जनताही दिसतील. कंपनीने देवनागरी तबकड्या खरोखर बनवल्या होत्या, म्हणूनच त्यांच्या नकला जास्त होतात. यातल्या बहुतेक तबकड्या पुन्हा रंगवलेल्या असतात. संग्राहक त्यांना रीडायल म्हणतात, आणि असल्या रंगीबेरंगी घड्याळाला सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

ते ओळखायला शिक. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे आणि सगळ्यात आधी अक्षरं बघ. कारखान्यातली छपाई बारीक, काठ स्वच्छ. रंगवलेलं अक्षर जाड असतं, काठाला पसरतं, एकाच शब्दातली दोन अक्षरं कमी-जास्त उंचीची निघतात. मग मिनिटांच्या रेघा बघ. बसवलेल्या तासाच्या खुणेसमोर रेघ बरोबर येते का? की थोडी सरकते? पुष्कळ मॉडेलांवर सहाच्या खाली अगदी काठाला बारीक अक्षरांत मशीनचा आणि तबकडीचा नंबर असतो. रंगवणारा तो बहुधा गाळतो, नाहीतर चुकवतो. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. आखूड असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा आहे. केस, म्हणजे बाहेरची पेटी, झिजलेली, लग्जच्या (पट्टा अडकवायच्या कानांच्या) कडा गोल झालेल्या, मागच्या झाकणावरचं कोरीव काम पुसट, आणि मधली तबकडी मात्र कालच छापल्यासारखी असेल तर समजून जा. काट्यांवरचा ल्युम, म्हणजे अंधारात चमकणारा रंग, पिवळा पडलेला आणि आकड्यांवरचा पांढराशुभ्र, हेही तसंच. शेवटी झाकण उघड. मशीनवर, बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली नंबर कोरलेला असतो. जनता आणि पायलटमध्ये नेहमी सापडणारं सतरा ज्वेलचं, म्हणजे सतरा खडे बसवलेलं, मशीन 0231. त्या जागी भलतंच मशीन निघालं तर घड्याळ जोडकामाचं आहे.

हे सगळं शिकायला खऱ्या मालाचे फोटो हवेत. जुन्या कॅटलॉगची पानं आणि संग्राहकांनी टाकलेले मोठे फोटो मोबाइलमध्ये मॉडेलवार साठव. बाजारात उभी असताना स्मरणशक्तीवर विसंबू नकोस, फोन काढ आणि शेजारी धरून बघ. पथारीवाला कंटाळेल. कंटाळू दे.

आता तुझ्या मनात येईल, रीडायल विकायचंच नाही का? विक की. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. निळ्या तबकडीचा पायलट कॉलेजच्या मुलाला आवडतो, तो हौसेने घालतो, त्याला चावीच्या घड्याळाची गोडी लागते. फक्त पहिल्याच ओळीत लिही: तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. भाव त्याप्रमाणे लाव. ही ओळ लिहिल्याने दोन गिऱ्हाइकं जातील, आणि तेवढ्यासाठी ती गाळावी असं तुला पहिल्या महिन्यात नक्की वाटेल. गाळू नकोस. संग्राहकांचं जग लहान आहे, सगळे एकमेकांना फोटो पाठवून विचारतात, आणि तुझं नाव एकदा खराब झालं की तुझ्याकडचं अस्सल घड्याळसुद्धा नकली ठरतं.

वर्णन मराठीत लिही, हिंदीत लिही, इंग्रजीत लिही, पण असं लिही:

‘एचएमटी जनता, चावीचं. तबकडी मूळ, चारच्या आकड्याजवळ डाग आहे, फोटो 3 पाहा. काटे मूळ. काच नवी. क्राऊन (चावी द्यायची गुंडी) बदललेला, कंपनीचा नाही. केसला पॉलिश केलेलं नाही. पट्टा नवा. याच महिन्यात सर्व्हिस केलं, दिवसाला सुमारे वीस सेकंद पुढे जातं. पाण्यापासून जपावं.’

एवढं पुरे. ‘दुर्मिळ’, ‘अँटिक’, ‘कलेक्टर्स पीस’ हे शब्द वापरू नकोस. आणि ‘न वापरलेला जुना साठा’ असं तर पुरावा असल्याशिवाय कधीच लिहू नकोस, कारण आजकाल पॉलिश केलेल्या प्रत्येक घड्याळाला लोक तेच म्हणतात. फोटो खिडकीतल्या उजेडात काढ, फिल्टर नको. सरळ समोरून, तिरका, मागून, झाकण उघडून, आणि प्रत्येक चऱ्याचा वेगळा.

हिशेबाचं सांगते. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत हीच. घड्याळ 700 ला घेतलंस. सर्व्हिस 500, काच आणि पट्टा 250, पॅकिंग 60, टपाल 90. झाले 1,600. विकलंस 2,200 ला. सहाशे सुटले असं वाटतं. पण दहातली दोन घड्याळं दुरुस्तच होत नाहीत असं धर. त्यांचे 1,400 उरलेल्या आठांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी 175. राहिले 425. त्यातून एखादं परत येतं, एखाद्याची काच वाटेत फुटते. आणि या चारशेत तुझा बाजारातला सकाळचा वेळ, दुरुस्तीवाल्याकडच्या दोन फेऱ्या, फोटो, आणि ‘लास्ट प्राइस काय’ विचारणाऱ्या वीस जणांना दिलेली उत्तरं, हे सगळं आलं. म्हणून वर्षभर तरी नोकरी सोडायचा विषय काढू नकोस. प्रत्येक घड्याळाला नंबर दे आणि वहीत त्याचा जन्म-मृत्यू लिही: कुठून घेतलं, कितीला, काय बदललं, कुणाला गेलं. बंद पडलेली दोन फेकू नकोस, त्यांचे सुटे भाग पुढच्या घड्याळांना लागतात. पण असा भाग बसवलास की तेही वहीत आणि वर्णनात आलं पाहिजे.

दुरुस्तीवाला मिळवणं हे अर्धं काम. चावीच्या मशीनवर हात बसलेले कारागीर आता थोडे राहिले आहेत आणि बहुतेकांची मुलं या धंद्यात नाहीत. चांगला माणूस सापडला तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस. त्याच्या शेजारी बसून बघ. तपासणीपुरतं तुलाही करता येईल: 0231 मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, आणि मोबाइलच्या मायक्रोफोनवर ते मोजणारी ॲप मिळतात. घड्याळ अचानक दिवसाला मिनिटांच्या हिशेबाने पुढे पळू लागलं तर बहुधा चुंबकत्व लागलेलं असतं. ते काढायचं यंत्र स्वस्तात मिळतं.

एक धोका मात्र डोक्यात पक्का ठेव. ढिगात कधी जुनी स्विस घड्याळं सापडतील, वेस्ट एंड कंपनीची, फौजेत वापरलेली, अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर रंग लावलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अशा पुष्कळ घड्याळांत तो रंग रेडियमचा आहे. चमक कधीच गेली, पण रेडियमची किरणं जात नाहीत, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचं आहे. ती तबकडी उघडी करू नकोस, खरवडू नकोस, तोंडाने फुंकर मारू नकोस. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर मुळीच नाही.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते. काही महिन्यांनी लोक तुला घरी बोलावू लागतील. वडील गेले, कपाट रिकामं करायचं आहे, चार घड्याळं आहेत, बघून जा. पथारीवाल्याशी भावाची घासाघीस कर, तो धंद्यात मुरलेला आहे, त्याला त्याचा माल कळतो. घरात बसलेल्या बाईला कळत नाही. तिला फक्त एवढं ठाऊक असतं की हे घड्याळ ते लग्नात घालून आले होते. तिथे तू किंमत विचारायची नाहीस, तू सांगायचीस. हे साधारण कितीला विकलं जाईल, त्यात माझा खर्च किती, मला किती सुटेल, म्हणून मी तुम्हाला इतके देऊ शकते. सगळं उघड. आणि चारातलं एक तरी घरात ठेवा, नातवाला द्या, असं सुचव. ते मी सर्व्हिस करून देते म्हण. मी हे नेहमी करते आणि यात माझं काही कमी झालेलं नाही. त्याच घरांतून शेजारच्या घरांचे फोन येतात.

दुसऱ्या टोकाला घेणाराही असाच असतो. एचएमटी मागणाऱ्यांत संग्राहक थोडे. जास्त लोक लिहितात की बाबांचं असंच होतं, हरवलं. अशा माणसाला रंगवलेली तबकडी मूळ म्हणून विकणारे आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, म्हणून फार जुनी खिशातली घड्याळं लांब ठेव. महागडं घड्याळ कुणी निम्म्या भावात देऊ केलं तर ओळखपत्र आणि सहीची पावती घेतल्याशिवाय हात लावू नकोस. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. नियमित धंदा म्हणून परराज्यात माल पाठवणार असशील तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. वापरलेल्या मालावर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे, ती हिशेबनिसाकडून समजून घे. आणि ‘मी लष्करात आहे, क्यूआर पाठवतो, पिन टाका म्हणजे पैसे येतील’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पार्सल बंद करतानाचा व्हिडिओ काढत जा, घड्याळाचा नंबर दिसेल असा. परत करायला चार दिवस दे आणि कारण न विचारता पैसे परत कर.

सुरुवातीला तीनच घड्याळं घे. विकायची घाई नको, आधी ती स्वतः आठवडाभर मनगटावर घाल. या रविवारी सकाळी आठला मी जुन्या बाजारात असेन. भिंग आण, सुटे पैसे आण, आणि कोणतंही घड्याळ आवडलं तर पथारीवाल्यासमोर तोंडावर दाखवू नकोस. झाकण उघडायचा चाकू माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी