पत्र मुलीने लिहायला हवं होतं

प्रश्न : मुलगी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झाली. आता पर्यावरणाच्या इतिहासात एमए आणि पुढे पीएचडी करायचं म्हणते. मी तिच्या नावाने चौदा प्राध्यापकांना ईमेल केले, तिला सांगितलेलं नाही. एकाचंच उत्तर आलं : 'कोणती साधनं वाचायचा विचार आहे?' मी काय लिहू? विज्ञानाची तीन वर्षं वाया जाणार का? नामांकित विद्यापीठांची यादी द्यावी.

उत्तर : तुम्ही काहीच लिहू नका. तुमची काळजी खरी आहे, पण पत्रातली 'तिला सांगितलेलं नाही' ही ओळ मला फार खटकली. पीएचडीचा मार्गदर्शक म्हणजे चार-पाच वर्षांची सोबत. तिच्याशी दहा मिनिटं बोलताच त्यांना कळेल की ईमेल लिहिणारं माणूस वेगळं होतं. मग तिच्या स्वतःच्या शब्दांवरही त्यांचा भरवसा बसणार नाही. आज रात्रीच तिला सगळे ईमेल दाखवा आणि तिची माफी मागा. त्या प्राध्यापकांना खरं काय ते ती कळवेल. साधनं, म्हणजे अभ्यासासाठी वाचायची जुनी कागदपत्रं आणि नोंदी, अजून ठरली नसतील तर तसंच लिहू दे. तिला कशाचा शोध घ्यायचा आहे हे दोन ओळींत सांगितलं तरी बोलणं पुढे सरकतं. त्यांनी प्रश्न विचारला, याचा अर्थ शिकवायला त्यांनी सुरुवातच केली आहे.

तीन वर्षं वाया जातात हा मात्र निव्वळ गैरसमज. फ्रान्समधल्या बोन गावच्या द्राक्षकाढणीच्या १३५४ ते २०१८ पर्यंतच्या तारखा अभ्यासकांनी जुळवल्या आहेत. त्यासाठी जुन्या हिशेबांतल्या, द्राक्षं तोडणाऱ्या मजुरांना दिलेल्या मजुरीच्या नोंदीही वाचल्या. वसंत आणि उन्हाळा तापला की द्राक्षं लवकर पिकतात. म्हणून तापमापक नव्हता त्या काळातलं हवामान या तारखांवरून कळतं. फळ लवकर का पिकलं हे वनस्पतिशास्त्र सांगतं. पण लढाई, रोगाची साथ, मजुरांची टंचाई यांनीही काढणी मागेपुढे होऊ शकते, आणि ती गुंतागुंत सोडवणं हे इतिहासकाराचं काम. तुमच्या मुलीची अर्धी तयारी झालेली आहे. उरलेली अर्धी अवघड आहे : जुनी लिपी, एखादी नवी भाषा, दप्तरखान्यात महिनोन्महिने बसण्याची चिकाटी. एमएची वर्षं त्यातच घालवावीत.

यादी मी देणार नाही. या विषयाचा स्वतंत्र विभाग क्वचितच असतो. मार्गदर्शक कधी इतिहासात सापडतो, कधी भूगोलात. शोध माणसाचा घ्यायचा. अमेरिकन सोसायटी फॉर एन्व्हायर्नमेंटल हिस्टरी ही पर्यावरण-इतिहासाच्या अभ्यासकांची संस्था (स्थापना १९७७) आणि तिच्यासारखीच युरोपातली संस्था (स्थापना १९९९) यांच्या परिषदांचे कार्यक्रम तिने वाचावेत. कोण कशावर काम करतंय ते तिथे दिसतं. मग त्या मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं : प्रकरणाचा मसुदा दिला की किती आठवड्यांनी परत येतो? त्यावर खुणा असतात की नुसतं 'छान'? आधीच्या किती जणांचा प्रबंध पूर्ण झाला? मोठ्या नावापेक्षा मसुदा वाचणारा मार्गदर्शक कधीही बरा. तो इतिहासाचा असेल तर विज्ञानाकडचा सहमार्गदर्शकही मागून घ्यावा.

प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्तीच्या तारखा ती स्वतः शोधू शकते. प्राध्यापकीच्या कायम जागा थोड्या असतात, हे तिला एकदा स्पष्ट सांगा. रोज सांगू नका.

पुढचं पत्र तिच्याकडून येऊ दे. तिला मी सविस्तर उत्तर देईन.