शाळा सुटलेल्या तरुणांचे प्रशिक्षण : अनुदान कोठून आणि केव्हा?

प्रश्न : शहादा तालुक्यात आमची नोंदणीकृत संस्था आहे. आठवी-नववीनंतर शाळा सुटलेले अठरा ते पंचवीस वयाचे तरुण येथून ऊसतोडीला गुजरातेत जातात किंवा सालदारकी (वर्षभराच्या कराराने शेतावर राबणे) धरतात. त्यांच्यासाठी मोटारसायकल दुरुस्ती आणि ठिबकची जोडणी शिकवणारे वर्ग काढायचे आहेत. अनुदान मिळेलच, तेव्हा आधी इमारत बांधावी, असे काही विश्वस्त म्हणतात. आपला सल्ला काय?
– एक वाचक, शहादा

उत्तर : इमारतीत हात घालू नका. कौशल्य योजनांचा पैसा प्रशिक्षणार्थ्यामागे आणि हप्त्यांनी मिळतो; हजेरी, परीक्षा आणि नोकरी यांचे पुरावे दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि तोवरचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो.

२०१४ साली सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना १५ ते ३५ वयाच्या गरीब ग्रामीण तरुणांसाठी असून आपल्याकडे ती ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते, पण तिच्यात किमान ७० टक्के प्रशिक्षितांना नोकरी मिळवून देण्याची अट आहे, आणि नव्या संस्थेने पहिल्याच वर्षी ती अंगावर घेऊ नये असे माझे मत आहे. त्यापेक्षा जनशिक्षण संस्थान जवळचे, कारण ही योजना मुळात निरक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहे. २०१८ पासून ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. संस्थानाचे वर्ग गावोगाव भरतात, तेव्हा तुमच्या जागेत एखादा वर्ग मागून पाहा. ज्यांना स्वतःचे गॅरेज टाकायचे आहे, त्यांना बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा. तेथे राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत असते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा बोलबाला पुष्कळ झाला, परंतु तिला किमान बारावी उत्तीर्ण लागते, म्हणजे तुमची मुले दारातच अडतात.

ठिबकच्या वर्गासाठी मात्र मी कंपन्यांकडे जाईन. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्यात व्यवसाय कौशल्ये येतात आणि कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ (कंपन्यांचा असा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीची केंद्र सरकारकडील) नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती आवश्यक झाली आहे. जळगावात ठिबक आणि पाइपांचे कारखाने आहेत, शहाद्याची पपई ठिबकवर उभी आहे. तेव्हा नुसते पैसे न मागता साहित्य आणि शिकवणारा माणूसही मागा.

आता अर्जातल्या ज्या भागाकडे बहुतेक संस्था दुर्लक्ष करतात, तो भाग. दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेऊन गेलेला मुलगा होळीच्या सुमारास परततो, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्याने साल धरले तो पुढच्या आखाजीपर्यंत तुमच्या हाती लागत नाही. डिसेंबरात काढलेला वर्ग महिन्याभरात रिकामा होतो, मग हजेरी बुडते आणि हप्ताही बुडतो. म्हणून वर्ग होळीनंतर लगेच सुरू करावा, नावनोंदणी आखाजीपूर्वी संपवावी, आणि बुडणाऱ्या मजुरीच्या बदल्यात विद्यावेतन व प्रवासभाडे अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवावे. विद्यावेतनाची रक्कम पाहून देणगीदार बहुधा कुरकुर करतो. त्या वेळी गावनिहाय यादी पुढे ठेवावी : कोणत्या गावातील किती तरुण गेल्या हंगामात ऊसतोडीला होते, किती सालदार होते आणि कितींच्या अंगावर अजून उचल आहे.